अनुभव धागा: नाशकात झकास हॉटेल, मोजक्या पैशांत

गोदाकाठची
आज जुन्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) बस वळली आणि लॉजच्या पाट्यांची ती रांग दिसली. पूर्वी पाहुणे आले की घरात गाद्या पसरायच्या, नाहीतर ही लॉज. आता गंगापूर रोड, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, त्र्यंबक रोड, सगळीकडे पूलवाली काचेची हॉटेलं झालीत. आपल्यापैकी बरेच जण बाहेरूनच बघून पुढे जातात. रात्र नीट निवडली तर तीच हॉटेलं परवडतात, म्हणून हा धागा काढला. किस्से नकोत, कामाचं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. नाशकात हॉटेलवाल्यांची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. अंबड-सातपूरच्या कंपन्यांचे पाहुणे सोमवार ते गुरुवार येतात. मुंबई-पुण्याची द्राक्षबागवाली आणि देवदर्शनाची मंडळी शुक्रवार-शनिवारी. म्हणून पाथर्डी फाटा, अंबड, सातपूरकडची हॉटेलं आठवड्याच्या मधल्या दिवसांत महाग आणि गंगापूर धरणाकडची शनिवारी महाग. रविवारची रात्र मात्र दोन्हीकडे मोकळी असते, कारण पर्यटक निघून गेलेला असतो आणि कंपनीवाला अजून आलेला नसतो. एकच रात्र राहायचं असेल तर रविवारी दुपारी जा, सोमवारी निघा.

सातपूरकर
रविवारचं अगदी बरोबर. फक्त सोमवारी सकाळी त्र्यंबकला जायचा बेत त्याला जोडू नका. सोमवारी तिथे रांग, आणि श्रावणी सोमवार असेल तर विचारूच नका. श्रावणात त्र्यंबक रोडवरचे दरही चढतात. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते, त्याच्या आदल्या रात्री स्वस्त रूम शोधण्यात वेळ घालवू नये.

हिशोबनीस
जीएसटीचं आधी समजून घ्या, सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचा रूमचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के. आणि १८ टक्के पूर्ण रकमेवर, फक्त वरच्या भागावर नाही.

७,४०० ची रूम: कर ३७०, एकूण ७,७७०.
७,६०० ची रूम: कर १,३६८, एकूण ८,९६८.

दरात फरक २०० चा, खिशातून जादा जातात १,१९८. बुकिंगच्या ॲपवर रूम ७,६०० ते ८,००० दिसत असेल तर हॉटेलला फोन करून ७,५०० च्या आत बसवता येते का ते विचारा. नाश्ता धरून दर वर जात असेल तर बिननाश्त्याचा दर मागा आणि नाश्ता बाहेर करा. नाशकात नाश्त्याची चणचण नाही.

दुसरं, जेवण. ज्या हॉटेलात एखाद्या रूमचा दर ७,५०० च्या वर गेलेला असतो तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावरही साधारण १८ टक्के लागतात, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. चार माणसांच्या जेवणात फरक जाणवतो.

चिवडा
नाश्ता बाहेर म्हणजे मिसळ हे ठरलेलंच ना 😀

निमाणी_स्टॉप
गंगापूर रोडला असाल तर बारदान फाट्याजवळ साधना, चुलीवरची. रविवारी सकाळी जाऊ नका, नंबर लावून थांबावं लागतं. सोमवारी आरामात.

चिवडा
सातपूरला असाल तर श्यामसुंदर. दही वेगळं मागा.

गोदाकाठची
मिसळीचा धागा वेगळा काढू या रे, हा भरकटेल 🙏

लॉबीतला
हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲपवर बुकिंग झालं की हॉटेल ॲपवाल्याला साधारण १५ ते २० टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन देतं. थेट फोन केलात तर ते पैसे वाचतात, त्यातले थोडे तुम्हाला देता येतात. पण बऱ्याच हॉटेलांचा ॲपशी करार असतो की जाहीर दर ॲपपेक्षा कमी दाखवायचा नाही. म्हणून "दर कमी करा" म्हटलं की समोरचा नाही म्हणतो, त्याचा हातच बांधलेला असतो. त्याऐवजी "याच दरात नाश्ता देता का", "निघायच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत थांबू देता का", "वरच्या प्रकारची रूम रिकामी असेल तर देता का" असं विचारा. हे त्याच्या हातात असतं.

फोन दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा. सकाळी दहा ते बारा चेक-आउटची गर्दी, संध्याकाळी चेक-इनची. मोठ्या साखळीतलं हॉटेल असेल तर कॉल सेंटरला नको, थेट नाशिकच्या हॉटेलचा रिझर्व्हेशन डेस्क मागा.

दर ऐकताना ही अक्षरं ओळखा. ईपी म्हणजे नुसती रूम. सीपी म्हणजे नाश्ता धरून. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. दोन हॉटेलांची तुलना करताना एकाचा ईपी आणि दुसऱ्याचा सीपी शेजारी ठेवला की हिशोब फसतो. बहुतेकांचा इथेच फसतो.

बुकिंग दोन टप्प्यांत करा. आधी फुकट रद्द करता येईल असा दर पकडून ठेवा. मग जायच्या तीन-चार दिवस आधी तेच हॉटेल, तीच तारीख पुन्हा बघा. दर उतरला असेल तर नवं बुकिंग करून जुनं रद्द करा. हॉटेल भरत नसलं की दर याच दिवसांत खाली येतात. रद्द करायची मुदत चेक-इनच्या २४ तास आधी की ४८ तास, ते मात्र वाचून घ्या. "नॉन रिफंडेबल" दर थोडा स्वस्त दिसतो, पण तो उतरला तरी तुम्हाला उपयोग नाही.

आणि आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून नाव त्यांच्या यादीत आहे ना ते विचारा. ॲपचा नंबर वेगळा, हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर वेगळा. दुसरा हातात असला की रात्री दहाला पोचलात तरी वाद होत नाही.

द्राक्षबाग
लॉबीतले दादा, छान लिहिलंत. स्थानिक पत्त्याचं आधार कार्ड चालत नाही म्हणतात काही ठिकाणी, त्याचं काय? आम्ही इंदिरानगरचेच, आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला एक रात्र घ्यायची आहे.

लॉबीतला
ताई, असा कायदा नाही, हॉटेलचा आपला नियम असतो. ॲपवर हॉटेलच्या पानाखाली "स्थानिक ओळखपत्र स्वीकारतो" असं लिहिलेलं असतं, ते बघा. नसेल तर फोन करून विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. मोठ्या हॉटेलांत सहसा अडवत नाहीत. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची मास्क केलेली प्रत द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

आजीची_सून
द्राक्षबाग, आईबाबांसाठी घेताय तर हे नक्की विचारा. या नव्या धर्तीच्या रूममध्ये बाथरूमची भिंत काचेची असते. आतून पडदा आहे का? बहुतेक ठिकाणी असतो, पण कधी तो बाहेरच्या बाजूला असतो आणि कधी बिघडलेला.

बाथटबवाली रूम ज्येष्ठांना देऊ नका. टबाची कड ओलांडून आंघोळ करायची म्हणजे घसरायची भीती. टब नसलेली, सपाट जमिनीची शॉवरची रूम मागा. ती बऱ्याचदा स्वस्तही असते. बादली आणि मग सांगितल्यावर देतात, रूममध्ये ठेवलेले नसतात. प्लास्टिकचं स्टूलही मागा.

पलंग फार बुटके असतात. गुडघे दुखत असतील तर उठता येत नाही, म्हणून खुर्चीला हात आहेत का ते विचारून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रूममध्ये शिरल्यावर कार्ड खाचेत घालावं लागतं, तेव्हा वीज चालू होते. कार्ड काढून बाहेर गेलात की सगळं बंद, काही हॉटेलांत छोटा फ्रिजसुद्धा. इन्सुलिन असेल तर दिवसभर गरम होत राहतं. एक तर दुसरं कार्ड मागून खाचेत ठेवून जा, नाहीतर इन्सुलिन नावाची चिठ्ठी लावून हॉटेलच्या किचनच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. नाही म्हणत नाहीत.

द्राक्षबाग
बाप रे, कार्डाचं लक्षातच आलं नसतं. बाबांना इन्सुलिन आहेच. खूप आभार ताई.

आजीची_सून
बाबांना सांभाळा ❤️ आणि गोड केक ठेवतील वाढदिवसाचा म्हणून, बिनसाखरेचं आधी सांगा.

पाथर्डी_फाटा
हायवेच्या बाजूची रूम घेऊ नका. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक रात्रभर चालतात, दुहेरी काच असली तरी हॉर्न येतो. "मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांबची" एवढं बुकिंगच्या वेळी लिहा आणि चेक-इनला पुन्हा सांगा. गंगापूर रोड किंवा छत्रपती संभाजीनगर रोडला शेजारी लॉन्स (लग्नाचं मोकळं मैदान) आहे का ते नकाशावर बघा. लग्नसराईत डीजे रात्री दहापर्यंत चालणार, ती कायद्याची वेळ आहे. दहानंतर चालू राहिला तर ११२ ला फोन करा.

निमाणी_स्टॉप
जायचा-यायचा खर्च कोणीच लिहिला नाही अजून. स्टेशन नाशिकरोडला, शहर तिथून ९-१० किलोमीटर. धरणाकडची वाइनवाली हॉटेलं त्याच्याही पुढे तेवढीच. रूम हजार रुपयांनी स्वस्त मिळाली आणि गाडी नसेल तर ते हजार कॅबला जातात. रात्री तिकडून परत यायला ॲपवर कॅब मिळणं अवघड, येतानाच त्याच ड्रायव्हरशी परतीचं बोलून ठेवा.

गाडी नसेल तर सीबीएस, शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड हा पट्टा बरा. नाशिकरोडहून सिटीलिंक (शहर बस) मिळते, शालिमारपर्यंत शेअर रिक्षाही. स्पेशल रिक्षा मीटरने क्वचितच जाते, बसायच्या आधी भाडं ठरवा. त्र्यंबकला सीबीएसहून एसटी सतत आहे, सिटीलिंकही जाते, ३० किलोमीटरच्या आत आहे.

मुंबईहून सकाळच्या शिर्डी वंदे भारतने आलात तर नऊच्या सुमारास नाशिकरोडला. चेक-इन दोनला. सामान रिसेप्शनवर ठेवून टोकन घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत. लवकर रूम हवी म्हणाल तर बहुतेक ठिकाणी जादा आकार, कधी अर्ध्या दिवसाचा.

सातपूरकर
पावसाळ्यात रामकुंडाजवळ गाडी लावून हॉटेलात झोपायला जाऊ नका रे कोणी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर चढायला वेळ लागत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं की समजा गाडी हलवायला उशीर झाला. हॉटेलचं स्वतःचं पार्किंग आहे का विचारा.

हिशोबनीस
आणखी दोन गोष्टी राहिल्या.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

चेक-इनला अनामत म्हणून डेबिट कार्ड देऊ नका. क्रेडिट कार्डावर रक्कम नुसती अडकवून ठेवतात, डेबिटवर खात्यातून वजा होते आणि परत यायला आठवडा जाऊ शकतो. घरखर्चाचे पैसे त्याच खात्यात असतील तर पंचाईत. रोख अनामत दिली तर पावती घ्या.

कुंदा_कॉलेजरोड
पूलसाठी जादा पैसे मोजत असाल तर महिना बघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी, पाणी गरम केलेलं नसेल तर मुलं दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर. मार्च ते मे ठीक. नायलॉनचा पोशाख आणि टोपी सक्तीची असते, हॉटेलात विकत घेतली तर महाग. रविवार कारंज्याला कमी पैशात मिळते.

गरम पाण्याचंही. गिझर १५ लिटरचा असेल तर ६० अंशाचं पाणी थंड पाण्यात मिसळून ३० लिटरच्या आसपास होतं, म्हणजे दोन आंघोळी. चौघांचं कुटुंब एका रूममध्ये असेल तर दोघांनंतर वीस मिनिटं थांबा. गच्चीवर सोलर असेल तर सकाळी नळ आधी दोन-तीन मिनिटं सोडावा लागतो, पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. बाथटब भरायला दीडशे लिटर लागतं, १५ च्या गिझरवर तो कोमटच राहणार.

चिवडा
एमटीडीसीचं धरणाजवळचं ग्रेप पार्क कोणी बघितलं नाही का? नजारा तोच, पण वाइनवाल्या हॉटेलांसारखं मोठं नाव नाही. बुकिंग एमटीडीसीच्याच संकेतस्थळावर करा.

लॉबीतला
चिवडा यांनी बरं आठवण करून दिली. नकाशावर किंवा शोधात दिसणारा "हॉटेलचा" फोन नंबर खरा असेलच असं नाही. भक्तनिवास आणि रिसॉर्टच्या नावाने खोटी पानं असतात, आधी पूर्ण पैसे मागतात. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळाशी जुळवून बघा. यूपीआयवर माणसाचं नाव आलं, हॉटेलचं नाही, तर थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका लवकर फोन तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

सिंहस्थाचंही आत्ताच बघून ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या पर्वण्यांना दर आणि रद्द करायच्या अटी दोन्ही बदललेल्या असतील. बरीच हॉटेलं वर्षभर आधी तारखा उघडतच नाहीत, तेव्हा उघडल्या दिवशी रद्द होईल असाच दर घ्या.

द्राक्षबाग
लॉबीतले दादा, मग रविवार रात्र, मागची बाजू, टब नसलेली, ७,५०० च्या आत, आणि दोनपर्यंत थांबायची परवानगी. एवढं एका फोनवर मागितलं तर चिडणार नाहीत ना?

लॉबीतला
नाही ताई. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे हे आधी सांगा, मग बाकीचं. उद्या तीननंतर करा फोन.

कुंदा_कॉलेजरोड
@निमाणी_स्टॉप, साधना सोमवारी सकाळी किती वाजता उघडतं?

निमाणी_स्टॉप
आठला पोचा, रिकामं टेबल मिळेल.