दारू सुटली पण जिलबी सुटेना!

प्रश्न: दादाला दारू सोडून 40 दिवस झाले, पण आता रात्री अकराला फ्रिज उघडून गूळ, जिलबी, काही नाही मिळालं तर साखरेचा डबाच, आणि सकाळी नुसता चहा मारून चिडचिड. हे नॉर्मल आहे का?

भाकरतुकडा: हो, बऱ्याच जणांना होतं, मलापण झालं. भूक आणि तलफ सुरुवातीला सेमच वाटते हो, म्हणून ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगमध्ये सांगतात की उपाशी राहू नका. मी खिशात शेंगदाणे ठेवायचो, बायको म्हणायची खारुताई झालायस :)

वहिनी_पुणे: नुसत्या चहावर ठेवू नका त्यांना. अंडं, मटकीची उसळ, भाकरी, दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात. आणि डॉक्टरांना बी1 म्हणजे थायमिनचं विचाराच, दारूने ते शरीरात नीट शोषलंच जात नाही. चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, डोळे विचित्र फिरणं असं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा, उद्यावर टाकू नका.

भाकरतुकडा: +1. पण जिलबीवरून भांडू नका आत्ता, शुगर असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ती: शुगर तपासलीच नाहीये, उद्याच नेते. मटकी भिजत घातली.