विषय: सेव्हरन्सच्या कागदांवर सही आणि वयाचा भेदभाव

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या एका सभासदाचा प्रश्न त्यांच्या विनंतीवरून, नाव न देता, येथे मांडत आहे. हे गृहस्थ ५४ वर्षांचे असून मध्य न्यू जर्सीतील एका मोठ्या औषध कंपनीच्या आयटी विभागात त्यांची नोकरीची बरीच वर्षे गेली. गेल्या सोमवारी त्यांना आणि विभागातील आणखी काही जणांना कामावरून कमी केल्याचे सांगण्यात आले; कामाचा शेवटचा दिवस मात्र दोन महिन्यांनंतरचा आहे. नवीन मॅनेजर वर्षभर बैठकांमध्ये ‘यंग टीम हवी’ असे बोलून दाखवत होते, आणि आता यांचे काम ज्या दोघांकडे सोपवले आहे ते दोघेही तिशीच्या आतले आहेत. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) मिळणार नाही, असे एचआरने तोंडी सांगितले आहे. सही करावी का, आणि तक्रार करायची झाल्यास ती शेवटच्या दिवसानंतर केली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

यादीचे संयोजक

*

नमस्कार,

मी वकील नाही. परंतु नोकरीविषयक खटले चालवणाऱ्या वकिलांकडे पॅरालीगल म्हणून काम करताना असले कागद पुष्कळ वाचले आहेत, म्हणून लिहिते. शुक्रवारी सही करू नये, हे सर्वांत आधी सांगते.

वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा केंद्रीय कायदा १९६७ चा असून, किमान २० कर्मचारी असलेल्या मालकाकडे काम करणाऱ्या, ४० किंवा त्याहून अधिक वयाच्या माणसांना तो लागू होतो. १९९० मध्ये त्यात जी भर पडली, ती नेमकी अशा सह्यांसाठीच. वयासंबंधीचा दावा सोडून दिल्याची सही घ्यायची असेल, तर एकट्याला काढले असल्यास विचारासाठी किमान २१ दिवस आणि एकाहून अधिक जणांना एकत्र काढले असल्यास ४५ दिवस द्यावे लागतात. वकिलाचा सल्ला घ्या, असे कागदातच लिहावे लागते. सही केल्यानंतरही ती मागे घ्यायला ७ दिवस मिळतात, आणि हे ७ दिवस दोन्ही पक्ष राजी असले तरी कमी करता येत नाहीत. तेव्हा ‘शुक्रवारपर्यंत’ हे एचआरचे बोलणे आहे, कायद्याचे नव्हे.

आता कागदांचे शेवटचे पान उघडावे. अनेकांना एकत्र काढताना कंपनीला एक तक्ता जोडावा लागतो, आणि त्यात त्या विभागातील प्रत्येक पद, त्या पदावरील माणसांची वये, आणि त्यांपैकी किती जण काढण्यासाठी निवडले गेले व किती राहिले, हे द्यावे लागते. त्यात नावे नसतात. ‘सीनियर अ‍ॅनालिस्ट, वय ५४, निवडले १, राहिले ०’ अशा रूक्ष ओळी असतात, आणि बहुतेक जण त्या न वाचताच पान उलटतात. पेन्सिल घेऊन बसावे आणि पन्नाशीच्या पुढचे किती गेले व पस्तिशीच्या आतले किती राहिले, ते मोजावे. वकील पहिल्या भेटीत हेच पान मागतील. हा तक्ताच दिला नसेल, तर वयाच्या दाव्यापुरती ती सही टिकत नाही. आणि घेतलेले पैसे परत न करताही तो दावा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एन्टर्जी कंपनीच्या खटल्यात ठरवले आहे.

न्यू जर्सीचा स्वतंत्र कायदाही येथे पाहावा लागेल. १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने राज्यात एकदम ५० किंवा अधिक जणांना काढले, तर एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवड्याचा पगार देणे बंधनकारक आहे. नोटीस कमी दिवसांची दिली, तर आणखी चार आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. यांना दोन महिनेच मिळाले आहेत, म्हणून एकूण किती जणांना काढले, हे अवश्य विचारावे. तो आकडा ५० किंवा अधिक असेल, तर ज्या पैशांसाठी सही मागत आहेत ते कदाचित सहीविनाच यांचे आहेत.

मुदतीबाबत पुष्कळांची फसगत होते. केंद्रीय कायद्याखालची मुदत शेवटच्या दिवसापासून मोजली जात नाही. निर्णय ज्या दिवशी कळवला त्या दिवसापासून मोजली जाते, हे १९८० पासून ठरलेले आहे. ईईओसीकडे (नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) तक्रार करायला न्यू जर्सीत ३०० दिवस मिळतात, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस, आणि राज्याच्या न्यायालयात थेट दावा लावायचा असेल तर दोन वर्षे. यांनी सगळे दिवस गेल्या सोमवारपासूनच मोजावेत. एचआरकडे अंतर्गत तक्रार केल्याने यातला एकही दिवस वाढत नाही.

‘यंग टीम’ या शब्दांवर मात्र फार विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर केंद्रीय कायद्याखाली वय हेच निर्णायक कारण होते, असे दाखवावे लागते. कोणत्या बैठकीत, कोणासमोर, काय म्हटले गेले, हे आजच घरच्या वहीत लिहून ठेवावे. कंपनीच्या ईमेल मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नयेत. त्यावरून चांगली बाजू बिघडलेली मी पाहिली आहे.

प्लेन्सबरोहून एक सभासद

*

सर्वांस नमस्कार,

ताईंनी लिहिलेले सर्व खरे असेल. परंतु या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. मालकाशी वाकडे घेतलेल्या माणसाला पुढे रेफरन्स कोण देणार? चोपन्नाव्या वर्षी नोकरी शोधताना मिळेल ते पदरात पाडून घ्यावे आणि गप्प बसावे, असे मला वाटते.

एडिसनहून एक ज्येष्ठ सभासद

*

काका, नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे आणि ती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. तरीही तक्रार केली म्हणून माजी कर्मचाऱ्याचा रेफरन्स खराब करणे हाही सूड ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शेल कंपनीच्या खटल्यात म्हटले आहे. ईईओसीकडील तक्रार जाहीर होत नाही. न्यायालयातील दावा मात्र कोणालाही पाहता येतो, हे खरे, आणि ती पायरी चढायची की नाही हे त्यांनी घरच्यांशी बोलून ठरवावे. पण वकिलाला कागद दाखवणे म्हणजे खटला भरणे नव्हे. कित्येकदा वकिलाच्या एका पत्रावर रक्कम वाढते आणि प्रकरण तिथेच मिटते.

तूर्त त्यांनी एचआरला एवढीच ईमेल पाठवावी: “आमच्यापैकी अनेकांना एकत्र कमी केले असल्यामुळे मला विचारासाठी ४५ दिवस मिळतात, असे मी समजतो. तसे नसल्यास कृपया कारणासह लेखी कळवावे, आणि पदे व वये यांचा तक्ता पाठवावा.” उत्तर आले की ते कागदांबरोबर जपून ठेवावे, दोन वकिलांची नावे मी संयोजकांकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.

प्लेन्सबरोहून