सरकारी खरेदी ऑनलाइन गेली, आता तालुक्याच्या दुकानदाराने करायचं काय?

अमळनेरचा दुकानदार:
भाऊ लोकं, बावीस वर्षं झाली स्टेशनरी-फर्निचरच्या दुकानाला. आधी शाळा, ग्रामपंचायती सगळे आपल्याकडूनच घ्यायचे, मार्चमध्ये तर रात्री अकरापर्यंत शटर उघडं असायचं. आता जो तो म्हणतो जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर या. मागच्या वर्षी इथल्याच एका शाळेत ऑनलाइनने बेंच आले, कुठून तरी लांबून, सगळ्यात कमी रेट म्हणून. सहज बघायला गेलो तर पायाचा पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला जातोय, अन् वेल्डिंग म्हणजे नुसते थेंब. दिवाळीपर्यंत सहा बेंच व्हरांड्यात उलटे पडलेले. तो सप्लायर येणार आहे का आता इथं वेल्डिंग मारायला? माझा माल असता तर हेडसरांचा संध्याकाळी फोन अन् सकाळी आपला माणूस हजर. छोटी खरेदी गावातच राहू द्या, एवढंच म्हणणं आहे.

भांडारवाले तात्या:
बेंचचं पटलं. पण गावातली खरेदी कशी चालायची ते मी टेबलाच्या ह्या बाजूने बघितलंय, आता रिटायर आहे म्हणून बोलतो. तीन दरपत्रकं, तीन लेटरहेड, तीन शिक्के. एकदा तिन्हींत ‘कपाट’चं ‘कापट’ झालेलं, अन् स्टेपलची भोकंसुद्धा एकावर एक जुळत होती कारण तिन्ही एकाच दुकानातून एकाच पाकिटात आली होती. साहेबाला दिसत नव्हतं असं नाही. केंद्राने २०१६ ला जेम आणलं, पुढच्या वर्षी डीजीएस अँड डी, म्हणजे केंद्राचं जुनं खरेदी खातं, बंदच केलं. राज्यातही डिसेंबर २०१६ च्या जीआरने ३ लाखांच्या वर ई-निविदा आली. खरेदीचे तुकडे पाडू नका म्हणून बजावलेलं, तरी २ लाख ९० हजाराच्या फायली मीच पुढे सरकवल्यात, खोटं कशाला बोलू.

चटईवाला, जळगाव एमआयडीसी:
तात्यांना अनुमोदन. माझं छोटं युनिट आहे. आसामकडच्या एका ऑफिसने आमच्या चटया घेतल्या भो! तिथं मला कोण ओळखतं, कोणाला चहा पाजायला गेलो होतो मी? लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे, स्वतः बनवतो म्हणून अनामत रक्कम पण भरावी लागत नाही. दुकानदार भाऊ, रडत बसण्यापेक्षा नोंदणी करा.

अमळनेरचा दुकानदार:
नोंदणी आहे माझी पण! पण मी ट्रेडर. अनामत माफी बनवणाऱ्याला, मला नाही. ४५ दिवसांत पैसे द्या हा कायदा पण ट्रेडरला लागू नाही म्हणतात, सीएने स्पष्ट सांगितलंय. मग मी पोर्टलवर जाऊन गुजरातच्या फॅक्टरीशी रेट लावू का? तुमची चटई तुम्ही बनवता, मी बेंच भिवंडीहून आणतो, इथं जोडतो, माझ्या हातात शंभर-दोनशे रुपये.

धडगावचा गुरुजी:
दोघंही बाजारातले, आमचं पण ऐका. आश्रमशाळेवर आहे मी. ऑर्डरमध्ये शाळेपर्यंत पोहोच लिहिलेलं असतं, ट्रकवाला शहाद्यातूनच फोन करतो की गुरुजी घाटात गाडी येणार नाही, इथून घेऊन जा. मग पिकअपचं भाडं कोणाच्या खिशातून, विचारू नका. अन् माल नीट मिळाला म्हणून ऑनलाइन स्वीकृती द्यायची तर नेटवर्कसाठी टेकडीवर. मागे एकदा खोकी उघडायच्या आधीच वरून फोन, स्वीकृती टाका, रिपोर्ट द्यायचाय. टाकली. आत निम्म्या वह्या पाण्याने भिजलेल्या. आता कोणाला सांगू?
पण गावातला दुकानदार तरी धडगावला कधी चढला होता हो? तेव्हा पण आम्हीच तळोद्याहून एसटीच्या टपावर आणायचो.

कोपऱ्यातला इंजिनिअर:
सगळे एल-वनला शिव्या देताय. एल-वन म्हणजे अटीत बसणाऱ्यांतला कमी दर, पण अट लिहिली कोणी? पत्रा किती गेजचा, पायाचा पाईप कसला, लोडची चाचणी कोण करणार, हे बिडमध्ये टाकलंच नसेल तर अंगठ्याने दबणारा पत्रा पण नियमातच बसतो. उलटंही होतं, अट अशी घट्ट शिवतात की एकाच कंपनीच्या अंगाला बसावी. शिंपी तोच राहिला, फक्त मशीन इलेक्ट्रिक झालं. फायदा एवढाच की आता अट उघडी असते, कोणीही वाचून आक्षेप घेऊ शकतो. घेतं कोण, ते सोडा.

भांडारवाले तात्या:
हे बरोबर बोलला. आमच्याकडे जुन्याच बिडच्या अटी कॉपी-पेस्ट व्हायच्या, एकदा खुर्च्यांच्या बिडमध्ये प्रिंटरची वॉरंटी गेली होती.

अमळनेरचा दुकानदार:
चला, ऑनलाइन होऊ द्या. पण एक सांगा तात्या, स्वीकृती झाली की दहा दिवसांत पैसे, असं पोर्टलवर म्हणतात ना? माझं मागच्या फेब्रुवारीचं बिल आहे एका ऑफिसकडे, कागदावरचं, साधं. ते कधी निघेल?

भांडारवाले तात्या:
बीम्सवर, म्हणजे राज्याच्या बजेटच्या ऑनलाइन सिस्टीमवर, फंड आला की.

अमळनेरचा दुकानदार:
हेच उत्तर मला बावीस वर्षांपूर्वी पण मिळालं होतं, तेव्हा बीम्स नव्हतं.