कीटनला बोलपटांनी संपवलं नाही

'बोलपट आले आणि बस्टर कीटन संपला' असं मूकपटांच्या काळातल्या या अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शकाबद्दल म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आवाज घोगरा होता खरा, पण लहानपणापासून आई-वडिलांबरोबर व्हॉडव्हिलचा (गाणी, नाच, विनोद, कसरती अशा मिश्र खेळांचा) रंगमंच गाजवलेला माणूस बोलायला कशाला घाबरेल? एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओतले त्याचे सुरुवातीचे बोलपट तर चांगले चालले.

खरा घोळ १९२८ चा. तोवर त्याचं स्वतःचं युनिट होतं, गंमत सेटवरच सुचत जायची. 'द जनरल'साठी (१९२६) त्याने ओरेगॉनमध्ये खरंखुरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. पैसा बुडाला, समीक्षकांनीही नाकं मुरडली. मग निर्माता जोसेफ शेंकच्या सांगण्यावरून तो एमजीएमकडे गेला. (चॅप्लिनने नको म्हणून बजावलं होतं.) तिथे सगळं आधी लिहायचं, मंजूर करून घ्यायचं, धोक्याच्या कसरती टाळायच्या. 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी भिंत ज्याने अंगावर पडू दिली, खिडकीची मोकळी चौकट नेमकी स्वतःभोवती येईल असं मोजून, त्याला म्हणे जपून काम कर! त्यात दारू, मोडलेला संसार. १९३३ मध्ये नारळ मिळाला. पुढे त्याच कंपनीत दुसऱ्यांसाठी विनोद सुचवायची नोकरी केली.

त्याच्या जुन्या बंगल्यात नंतर अभिनेता जेम्स मेसन राहायला आला, तेव्हा तिथे कीटनच्या सिनेमांच्या प्रिंट सापडल्या. नशीबच म्हणायचं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर 'शेरलॉक ज्युनियर' बघा, पाऊण तासाचाच आहे.