अणुसंशोधन विद्यापीठांतून बाहेर नेणे ही चूक होती का? साहा आणि भाभा यांच्या मतभेदाविषयी

शिसपेटी

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टीत विखंडनाची, म्हणजे अणुकेंद्रक फुटत राहण्याची, साखळी प्रथमच स्वतःच्या बळावर चालू राहिली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी, हे आपण शाळेपासून अभिमानाने वाचत आलो. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा वारले आणि त्यांचा एक वाद अर्धवट राहिला, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. तो वाद येथे पुन्हा मांडावा असे मनात आहे.

होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था मागितली. एकदोन दशकांत अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे कारण त्यांनी दिले होते. हे पत्र हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधीचे आहे, त्यामुळे त्यातील दूरदृष्टीबद्दल वाद नाही. पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा आणि आयोग, १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतील अणुऊर्जा विभाग आणि ट्रॉम्बेचे केंद्र अशी रचना उभी राहिली. आयोगाचे पहिले सदस्य तिघे होते: भाभा, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन. या विषयाचे शिक्षण कलकत्ता विद्यापीठात सर्वांत आधी सुरू करणारे साहा त्यांत नव्हते.

साहांचे म्हणणे असे होते की, आधी विद्यापीठांत अणुकेंद्रीय भौतिकशास्त्र शिकवावे, माणसे घडू द्यावीत, उद्योगांचा पाया घालावा आणि मग मोठ्या योजनांना हात घालावा. ते केवळ बोलून थांबले नाहीत. विद्यापीठाच्या अंगणातच त्यांनी सायक्लोट्रॉनचा, म्हणजे अणुकेंद्रके फोडण्यासाठी कणांना वेग देणाऱ्या यंत्राचा, घाट घातला आणि संस्था उभी केली. ११ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यानंतर, मे १९५४ मधील चर्चेत, त्यांनी अणुसंशोधनावरील गुप्ततेच्या पांघरुणावर उघड टीका केली.

माझ्या मते साहांचे बरोबर होते. न्यूट्रॉन १९३२ मध्ये सापडला तो केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, त्याच वर्षी तेथेच कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचा अणुकेंद्रक फोडला, आणि लॉरेन्सचा सायक्लोट्रॉन बर्कलीच्या विद्यापीठात फिरला. जेथे विद्यार्थी आहेत तेथेच हा विषय वाढला. आपल्याकडे उत्तम उपकरणे एका कुंपणाच्या आत गेली आणि विद्यार्थी बाहेर राहिले. मी एम.एस्सी. करत असताना आमच्या विभागात किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर-म्युलर गणित्राची एकच नळी होती आणि तिच्यातील वायू संपत आलेला असल्यामुळे तिचे पठार, म्हणजे विजेचा दाब बदलला तरी मोजणी स्थिर राहते तो पट्टा, मिळतच नसे. आम्ही आधीच्या तुकडीच्या वहीतील आकडे उतरवून आलेख काढला. त्या प्रयोगशाळेच्या गच्चीवरून ट्रॉम्बेची टेकडी दिसत असे.

जडपाणी

शिसपेटी, आपल्या नळीबद्दल सहानुभूती आहे, परंतु तिचे खापर भाभांवर फोडणे मला पटत नाही. नादुरुस्त नळी बदलणे हे त्या विभागाचे काम होते. त्यासाठी अणुऊर्जा आयोगाची परवानगी लागत नसे.

मूळ मुद्दा असा की टेबलावरचा प्रयोग आणि अणुभट्टी यांत जातीचाच फरक आहे. अणुभट्टीला समृद्ध युरेनियम, जड पाणी किंवा अतिशुद्ध ग्रॅफाइट लागते, किरणोत्सारापासून संरक्षणाची व्यवस्था लागते, अभियंते, रसायनतज्ज्ञ, धातुतज्ज्ञ आणि इलेक्ट्रॉनिक्सची माणसे एका छपराखाली लागतात, शिवाय परदेशी सरकारांशी करार करण्याचा अधिकार लागतो. कोणत्या कुलगुरूंना हे झेपले असते? ब्रिटनने १९४६ मध्ये हार्वेलची सरकारी अणुसंशोधन प्रयोगशाळा काढली. फ्रान्सने १९४५ मध्ये अणुऊर्जा आयोग नेमला आणि त्यांची ‘झोए’ अणुभट्टी डिसेंबर १९४८ मध्ये सुरू झाली ती शातियोंच्या जुन्या किल्ल्यात, पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाच्या वर्गात नव्हे. आणि विद्यापीठांचीच यादी द्यायची तर ती पुरी द्यावी. ज्या शोधाने हे सारे पर्व सुरू झाले तो विखंडनाचा शोध हान आणि श्ट्रासमान यांना १९३८ च्या अखेरीस लागला तो बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या संशोधन संस्थेत.

कलकत्त्याच्या सायक्लोट्रॉनचे काय झाले तेही सांगायला हवे होते. साहांचे शिष्य नागचौधुरी १९४१ मध्ये बर्कलीहून परतले, चुंबकाचे भाग आले, पण निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. यात साहांचा दोष नाही. परंतु युद्ध संपल्यावरही ते यंत्र पुरे व्हायला वर्षांमागून वर्षे लागली, कारण एक पंप किंवा एक झडप आणायची तरी विद्यापीठाची यंत्रणा धापा टाकत असे. याउलट ‘अप्सरा’चा निर्णय १९५५ मधला आणि पुढच्या वर्षी ती चालू. इंधन ब्रिटनकडून आले हे खरे, पण आराखडा, तलाव, नियंत्रणाचे सारे इलेक्ट्रॉनिक्स येथल्या माणसांनी केले. ती माणसे नुकतीच पदवी घेऊन आलेली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सांदकफू

चर्चा केवळ अणुभट्टीभोवती फिरू नये म्हणून एक वेगळे उदाहरण देतो. १९३८ पासून पुढची काही वर्षे विभा चौधुरी आणि देबेंद्र मोहन बोस यांनी दार्जिलिंग, सांदकफू अशा उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या काचा महिनोन्‌महिने ठेवून विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, खुणा गोळा केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणांचे वळण आणि काचेवरच्या चांदीच्या कणांची दाटी मोजून त्यांनी मेसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचा अंदाज बांधला आणि ‘नेचर’मध्ये प्रसिद्धही केला. युद्धामुळे अधिक संवेदनशील काचा मिळाल्या नाहीत आणि काम थांबले. पुढे त्याच पद्धतीने, चांगल्या काचा वापरून, सेसिल पॉवेल यांनी पायॉन हा मेसॉनचा प्रकार शोधला आणि १९५० मध्ये नोबेल मिळवले.

माझा रोख हा की, त्या काळच्या अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रात अव्वल दर्जाचे काम करायला अणुभट्टी लागतच होती असे नाही. काचा, सूक्ष्मदर्शक, डोंगर आणि चिकाटी एवढ्यावर पहिल्या रांगेत उभे राहता येत होते. अशी दहा-वीस छोटी केंद्रे देशभर पोसायला जो पैसा लागला असता तो अणुभट्टीच्या मानाने किरकोळच ठरला असता.

मुळाक्षर

उदाहरण सुंदर आहे, पण ते मूळ लेखाच्या बाजूने कसे जाते हे समजले नाही. बोस आणि चौधुरी यांचे हे काम बोस इन्स्टिट्यूटमध्ये झाले, आणि ती संस्था विद्यापीठाचा विभाग नव्हती. जगदीशचंद्र बोसांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ती स्वतंत्रपणे काढली होती. विभा चौधुरी पुढे मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्याकडे गेल्या आणि भारतात परतल्यावर त्यांना आपल्या संस्थेत घेणारे भाभाच होते.

शिसपेटी

मुळाक्षर यांची दुरुस्ती मान्य, आणि बर्लिनच्या बाबतीत जडपाणी यांचीही. ‘विद्यापीठ’ हा शब्द मी ढिलेपणाने वापरला.

मात्र हार्वेल आणि शातियों यांचा दाखला अर्धाच आहे. अमेरिकेकडे पाहा. २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मी यांनी पहिली साखळी चालवून दाखवली ती शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणातील प्रेक्षागाराखाली. युद्धानंतर ते काम अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे गेले, पण तिचा कारभार शिकागो विद्यापीठाकडेच राहिला. लॉस अलामोस ही तर बाँबची प्रयोगशाळा, तरी तिचे व्यवस्थापन कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होते. म्हणजे प्रयोगशाळा मोठी, गुप्त आणि दूर असूनही तिची नाळ विद्यापीठाला जोडलेली ठेवता येते. आपल्याकडे तसा विचारसुद्धा झाला नाही. शिवाय ब्रिटन-फ्रान्सची विद्यापीठे शेकडो वर्षांची होती. त्यांच्यातून चार हुशार माणसे उचलली तर फरक पडत नसे. १९५० च्या दशकातल्या आपल्या विद्यापीठांत मुळात माणसे होती किती?

कुलाबा दांडी

मी पुष्कळ वर्षे या क्षेत्राच्या कडेकडेने वावरलो आहे, म्हणून दोन्ही बाजूंच्या एकेका गृहीतकाला हात घालतो.

भाभांना विद्यापीठांचे काही पडले नव्हते, हे खरे नाही. जानेवारी १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, मुंबईत केलेल्या भाषणात त्यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या उभारणीवर हाच आक्षेप घेतला होता, की आधी इमारती आणि पदे निर्माण करून नंतर ती भरण्यासाठी विद्यापीठांतली अनुभवी माणसे ओढली गेली आणि विद्यापीठे दुबळी झाली. त्यांचा दावा असा की आपण उलट केले. आधी माणूस निवडला, मग त्याच्याभोवती गट वाढू दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, मुंबईतली सुरुवात पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात झाली. कुलाब्याची देखणी इमारत १९६२ ची. ट्रॉम्बेसाठी त्यांनी १९५७ मध्ये प्रशिक्षणशाळा काढली ती याच धोरणातून, तयार प्राध्यापक पळवण्याऐवजी ताजे पदवीधर घेऊन घडवण्यासाठी. टीआयएफआरच्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे पीएच.डी. मुंबई विद्यापीठाचीच मिळत असे, हेही विसरू नये.

आता दुसरी बाजू. ताजा पदवीधर घेतला तरी तो विद्यापीठातूनच घेतला जातो. जो मुलगा किंवा मुलगी पाच-सात वर्षांनी आपल्याच विभागात उत्तम अध्यापक झाली असती, ती प्रशिक्षणशाळेच्या परीक्षेला बसली आणि गेली. दरवर्षी वरची साय काढून घेतल्यावर खालचे दूध पातळ झाले, अशी तक्रार करायची कोणाकडे? भाभांनी प्राध्यापक पळवले नाहीत. उद्याचे प्राध्यापक मात्र नेले. यात त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण हिशेब मांडताना ही रक्कम खर्चाच्या बाजूला लिहावी लागेल.

जडपाणी

‘साय’ची उपमा चटकदार आहे, परंतु ती मुले विद्यापीठांत राहिलीच असती हे कशावरून? माझ्या माहितीतली बहुतेक तरी पहिल्या संधीला अमेरिकेला गेली असती. ट्रॉम्बेने त्यांना देशात थांबण्याचे एक कारण दिले.

उपेक्षित खनिज

गुप्ततेविषयी कोणीच विस्ताराने लिहिले नाही, म्हणून लिहितो, कारण माझ्या मते खरी गाठ तेथे आहे. जागा कुलाब्याला की कलकत्त्याला, हा दुय्यम प्रश्न.

एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयक आले तेव्हा म्हैसूरचे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी ब्रिटनच्या कायद्याशी तुलना करून विचारले की, तेथे गुप्तता संरक्षणविषयक कामापुरती आहे, मग आपण शांततेच्या संशोधनालाही ती का लावतो? नेहरूंनी प्रामाणिक पण अडचणीचे उत्तर दिले, की या दोन उपयोगांत भेद कसा करावा हे आपल्याला ठाऊक नाही. गुप्ततेला कारण नव्हते असे नाही. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत अणुइंधनासाठी उपयोगी पडणारे थोरियम आहे आणि त्यावर परदेशांचे लक्ष होते. ज्या देशांशी सहकार्य करायचे त्यांनाही आपल्या माहितीची राखण हवी होती. पण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे पहिले लक्षण म्हणजे दार उघडे असणे. कायद्यानेच दार लावल्यावर विद्यापीठ त्यात सहभागी कसे होणार? त्यामुळे जडपाणी म्हणतात ती कुलगुरूंची असमर्थता मला कारण वाटत नाही, ती या कायद्याची परिणती वाटते.

जाता जाता एक. टीआयएफआरमध्येच गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी १९६२ पर्यंत गणिताचे प्राध्यापक होते आणि ते उघडपणे म्हणत की भारतासारख्या देशाने अणूऐवजी सूर्याच्या ऊर्जेवर भर द्यावा. घरातला माणूस असे बोलू शकत होता, हे भाभांच्या संस्थेचे श्रेय. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही, हेही त्याच ओळीत नोंदवावे लागते. त्याची कारणे एकच एक होती असे मात्र मी सुचवत नाही.

मुळाक्षर

कायद्याने दार लावले हे अंशतःच पटते. ‘अप्सरा’वर विखंडनात बाहेर पडणारे न्यूट्रॉन आणि गॅमा किरण यांवर जे काम झाले ते खुल्या नियतकालिकांत छापून आले, जगाने वाचले. १९५५ मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील जिनिव्हाच्या परिषदेत तर कितीतरी देशांनी आपली माहिती उघड केली आणि अध्यक्षस्थानी भाभाच होते. विद्यापीठातल्या माणसाला निबंध वाचायला मिळत होते. त्याला मिळत नव्हता तो न्यूट्रॉनांचा झोत. हा प्रश्न गुप्ततेपेक्षा प्रवेशाचा आहे, आणि प्रवेश द्यायला कायदा बदलावा लागला नसता. आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवावे लागले असते.

शिसपेटी

मुळाक्षर यांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा नेमके मांडले. आणि हा दोष खुद्द अणुऊर्जा विभागालाही उशिरा का होईना दिसला, असे पुढच्या घटनांवरून वाटते. विभागाची उपकरणे विद्यापीठांना वापरता यावीत म्हणून १९८९ मध्ये इंदूरला आंतरविद्यापीठीय केंद्र निघाले. २००७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारात विभागाच्याच साहाय्याने मूलभूत विज्ञानाचे केंद्र सुरू झाले, जेथे बारावीनंतरच्या मुलांना टीआयएफआर आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली माणसे शिकवतात. साहा जे १९५४ मध्ये मागत होते त्याच्या पुष्कळ जवळ जाणारी ही गोष्ट आहे. तिला त्रेपन्न वर्षे लागली.

जडपाणी

२००७ मध्ये ते जमले, कारण तोवर शिकवायला ट्रॉम्बे आणि कुलाब्यात घडलेली माणसे होती. १९५४ मध्ये त्या वर्गावर आपण कोणाला पाठवले असते?

प्रयोगवही

पुण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून एवढेच लिहितो. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आठ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा मायक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देणारे यंत्र, विभागातच उभे राहिले आणि विद्यार्थी त्यावर काम करत आले. यंत्र लहान आहे. पण त्याचा निर्वात पंप बिघडला की तो उघडून पाहणारा हात विद्यार्थ्याचा असतो, आणि शिसपेटी यांच्या गच्चीवरून जे दिसत होते आणि मिळत नव्हते ते बहुधा हेच.