'डबल स्किन फसाड'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दार्थी: मुंबईतल्या एका ऑफिस इमारतीच्या देखभाल-पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. 'डबल स्किन फसाड' (इमारतीच्या भिंतीपुढे अंतर सोडून उभारलेला दुसरा, बहुधा काचेचा, थर) त्यात पानोपानी येतं. खर्ड्यात 'दुहेरी काच' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'द्विस्तरीय त्वचावरण' केलं. वाचणार आहेत काचा पुसणारे, एसी सांभाळणारे आणि त्यांचे सुपरवायझर. दोन्ही शब्द पटत नाहीत. मधल्या जागेलाही शब्द हवा आहे.

ओळंबा: 'दुहेरी काच' आधी काढा. साइटवर त्याचा अर्थ डीजीयू, म्हणजे डबल ग्लेझ्ड युनिट: ६ मिमी काच, १२ मिमी गाळा, ६ मिमी काच, कडेनं सील. त्यातली हवा कायमची कोंडलेली. इथे दोन थरांत २० सेंमीपासून २ मीटरपर्यंत अंतर असतं आणि हवा वाहती असते: खालच्या झडपांतून आत, तापून वरच्या झडपांतून बाहेर. ऊन अडवणारे पट्ट्यांचे पडदे याच जागेत टांगतात, म्हणजे त्यांना लागलेली उष्णता खोलीत शिरायच्या आत वर निघून जाते. डीजीयू समजून कोणी झडपा बंद करून टाकल्या, तर दुपारी पश्चिमेकडे भट्टी पेटते आणि एसीचा भार कमी व्हायचा तो वाढतो. थंड देशांत हिवाळ्यात झडपा मुद्दाम बंद ठेवून ऊब धरतात. तिथली सूचना जशीच्या तशी उतरवू नका.

पागोळी: 'त्वचावरण' तर कोणाच्या तोंडी बसणार नाही. शिवाय त्वचा अंगाला चिकटलेली असते, इथे दोहोंत अंतर हाच मुद्दा. 'दुपदरी' म्हणा.

कडीपाट: दुपदरी म्हटलं की रस्ता डोळ्यांपुढे येतो. चौपदरीकरण, सहापदरीकरण रोजच्या बातम्यांत आहे.

पागोळी: रस्त्यानं शब्द उसना घेतला म्हणून आपण तो सोडायचा का? दुपदरी हार आठवा. दोन सर, मध्ये फट, दोन्ही एकाच फाशात अडकवलेले. बाहेरची काच स्लॅबमधून काढलेल्या ब्रॅकेटवर अशीच तोललेली असते. आणि 'फसाड'ला 'मोहरा' हा आपला शब्द आहे. 'घराचा मोहरा पूर्वेला' असं म्हणतातच. दुपदरी मोहरा!

कडीपाट: मोहरा म्हटलं की तरुणांना बुद्धिबळ आठवतं.

पागोळी: गावाकडे 'म्होरं' अजून जिवंत आहे. मोहरा त्याच घरातला.

कडीपाट: मला ते नातं ओढूनताणून जोडल्यासारखं वाटतं. पण हरकत वेगळीच आहे. मोहरा काय, 'दर्शनी भाग' काय, दोन्ही शब्द इमारतीचं तोंड दाखवतात. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटते, तसं हे बघताक्षणी दिसणारं. प्रत्यक्षात दुसरा पदर रस्त्याच्या बाजूला नव्हे, उन्हाच्या बाजूला लागतो. मुंबई १९ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या वर असतो, म्हणून दक्षिणेचं काम बव्हंशी छज्ज्यावर भागतं. पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याखालून आत घुसतं. रस्ता उत्तरेला असेल आणि 'मोहरा' म्हणून तिथे दुसरी काच लावली, तर पैसे पाण्यात. 'दुपदरी भिंत' म्हणा. त्यात 'काच' शब्दही नको: जयपूरच्या पर्ल अकादमीत बाहेरचा पदर जाळीचा आहे, भिंतीपासून ४ फूट पुढे.

शब्दार्थी: 'दुपदरी भिंत' घेऊन पाहते. मधली जागा? 'पोकळी' चालेल?

ओळंबा: पोकळी ऐकून माणसाला आत काही नाही असं वाटतं. ६० सेंमी किंवा जास्त असेल आणि मजल्यामजल्याला लोखंडी जाळीची पायवाट असेल, तर 'बोळ' म्हणा. माणूस आत जातो, साबणपाणी घेऊन दोन्ही काचा पुसतो.

पागोळी: बोळ आडवा असतो हो. हवा तर वर चढते. 'धुराडं' म्हणा.

ओळंबा: दोन्ही शब्द ठेवा, कारण प्रकार वेगळे आहेत. प्रत्येक मजल्याला आडवा अडसर घातलेला असेल तर बोळ. तिथे हवा घेण्याची आणि सोडण्याची तोंडं एका उभ्या रेषेत ठेवत नाहीत, नाहीतर खालच्या मजल्यानं टाकलेली गरम हवा वरचा ओढून घेतो. तळापासून माथ्यापर्यंत सलग असेल तर ते धुराडंच: वरचे मजले सगळ्यात तापतात आणि आग लागली तर धूरही त्याच वाटेनं चढतो. म्हणून धुराड्याचं तोंड शेवटच्या वापरातल्या मजल्याच्या वर न्यावं लागतं.

शब्दार्थी: यातलं सलग धुराडंच आहे, पण मजल्यामजल्याला पायवाटही आहे.

कडीपाट: मग 'गाळा'.

पागोळी: गाळा म्हणजे दुकान!

ओळंबा: शब्द कोणताही घ्या, पावसाळ्याचं पान मात्र नीट लिहा. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) २५ अंशांच्या आसपास असतो. आतली काच एकेरी असली आणि ऑफिस २३ वर ठेवलं, तर त्या काचेवर मधल्या जागेकडून पाणी जमू शकतं. कर्मचारी 'गळतंय' म्हणून तक्रार लिहितात आणि कंत्राटदार चांगल्या सांध्यांवर सिलिकॉन ओढून जातो. अख्ख्या काचेवर सारखं धुकं असेल तर ते बाष्प. तिरप्या सरीनंतर एका सांध्याखालून ओघळ उतरला असेल तर गळती. बाष्पावर उपाय सिलिकॉन नव्हे: आत डीजीयू हवी, निदान एसीचं तापमान तरी वर न्यायचं.

पागोळी: 'बाष्प' कशाला? काचेला घाम सुटला म्हणा, कोणालाही कळेल.

कडीपाट: माठालाही आपण 'घाम फुटला' म्हणतो, आणि तिथे पाणी खरंच आतून पाझरतं. नेमका तोच गैरसमज टाळायचाय. 'दव' लिहा.

पागोळी: दव पहाटेचं. हे भर दुपारी येतं.

ओळंबा: 'दवबिंदू' आपण सगळेच लिहितो ना, मग दव दुपारी का नाही?