सान मिगेल दे आयेंदे गाळलं तरी चालेल, ग्वानाह्वातो गाळू नका

उनाडपाखरू
मार्चमध्ये ह्यूस्टनहून लिऑनला उतरलो आणि आठ दिवस मेक्सिकोच्या मधल्या पठारावर फिरलो, ग्वानाह्वातो, डोलोरेस इदाल्गो, सान मिगेल आणि शेवटी केरेतारो. जो तो सान मिगेलचं नाव घेतो म्हणून तिथे तीन रात्री ठेवल्या आणि तिथेच फसलो. गुलाबी चर्च देखणं आहे, वादच नाही, पण समोरच्या बागेत बसलात की निम्म्या गप्पा इंग्रजीत, मेन्यू इंग्रजीत आणि कॉफीचे दर ह्यूस्टनचे. सगळी घरं गेरू-हळदीच्या रंगात इतकी टापटीप की लग्नाचा हॉल सजवलाय आणि वऱ्हाड अमेरिकेहून यायचंय असं वाटतं. ग्वानाह्वातोत आमच्या खोलीच्या खाली रोज सकाळी एक माणूस गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन "गास!" ओरडत पायऱ्या चढायचा, कारण त्या गल्लीत गाडी जातच नाही. मोठ्या गाड्या खाली बोगद्यातून जातात, पूर्वी तिथून नदी वाहायची. गाव म्हणतात ते हे.

ऑस्टिनची काकू
सिलिंडरवाल्याचं कौतुक खिडकीतून बघणाऱ्याला, त्या बिचाऱ्याच्या गुडघ्यांना विचार! माझ्या सासूबाई बहात्तरच्या, त्यांना घेऊन ग्वानाह्वातोत तू दोन दिवस काढून दाखव. आणि सान मिगेलला अमेरिकन काल नाही आले, दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसे मिळायचे ते घेऊन पोरं तिथल्या आर्ट स्कूलमध्ये यायची, म्हणजे सत्तरपंचाहत्तर वर्षं झाली की. ते लोक गावाचाच भाग झालेत आता. बरं, आतोतोनिल्कोला गेलास का? पंधरा किलोमीटरच्या आत आहे, बाहेरून नुसती पांढरी भिंत आणि आत भिंतीपासून छतापर्यंत इंचभर जागा न सोडता चित्रं. १६ सप्टेंबर १८१० ला स्पेनविरुद्ध बंड पुकारून डोलोरेसहून निघालेल्या इदाल्गो पाद्रीने ग्वादालूपेच्या देवीचं, म्हणजे मेरीमातेचं, चित्र तिथूनच उचलून झेंडा केला. युनेस्कोच्या यादीत २००८ मध्ये सान मिगेल आलं ते आतोतोनिल्कोसकट. तू कॉफीचे दर बघत बसलास.

उनाडपाखरू
नाही गेलो 😐 मान्य. पण काकू, ते गावाचा भाग झाले असतील तर मूळचे लोक कुठे गेले? आमचा टॅक्सीवाला म्हणाला की त्याच्या आईचं घर मध्यात होतं, विकून बाहेर गेले, आता रोज पाऊण तास बसने येतो.

खाणीतला उंदीर
दोघंही भिंतींच्या रंगावर भांडताय. हे सगळं बांधलं कुणी आणि कशातून? चांदीतून. ग्वानाह्वातोच्या वर वालेन्सियाना खाणीला लागून खाणमालकाने बांधलेलं चर्च आहे, आत वेदीवर सोन्याचा पत्रा नुसता चकाकतोय, मी दहा मिनिटं बघितलं आणि मग रस्ता ओलांडून खाणीत उतरलो, थोडंच खाली जाऊ देतात, पण ओल्या पायऱ्या आणि वरचा इवलासा उजेड एवढं पुरतं. पाठीवर दगड घेऊन माणसं तिथून चढायची. म्हणून मला "कलोनियल चार्म" हा शब्दच खटकतो. आलोंदिगा नावाचं धान्याचं कोठार बघितलंत ना, सप्टेंबर १८१० मध्ये बंडवाल्यांनी ते फोडलं, आत लपलेल्यांची कत्तल झाली, आणि पुढच्या वर्षी इदाल्गो, आयेंदे, आल्दामा, हिमेनेस या बंडाच्या चौघा म्होरक्यांची मुंडकी चार कोपऱ्यांना टांगली, ती १८२१ पर्यंत तिथेच. लोक त्याच पायऱ्यांवर आईसक्रीम खातात.

चहाटळ
मग काय उपाशी बसायचं का? रायगडावर जाताना भाकरी नेत नाही का आपण. ट्रिपला जाताना एवढं ओझं घेऊन कोण जातं.

खाणीतला उंदीर
खा रे, मीही खाल्लं, डोलोरेसला अवोकाडोचं. शब्दावर बोललो, आईसक्रीमवर नाही.

ऑस्टिनची काकू
उंदीरभाऊ, तुमचं पटतं पण अर्धं. त्याच हिशोबाने पणजीच्या फोंतेन्हासमध्ये, त्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत, फोटो काढायचे नाहीत, आणि आपण सगळे काढतो. मिरची, पेरू, सीताफळ पण तिकडचंच, जहाजातून आलेलं, ते ताटातून काढता का? मला वाटतं माहीत असावं आणि बघावं. माझ्या सासूबाईंना त्या गुलाबी चर्चचा दर्शनी भाग शिकलेल्या आर्किटेक्टने नाही तर गावातल्या गवंड्याने केलाय, तोही युरोपातल्या चर्चांची चित्रं पाहून असं म्हणतात, हे सांगितलं तर त्या अर्धा तास तिथून हलेनात.

पोटोबा
मुद्द्याचं बोला, व्हेज काय मिळतं?

उनाडपाखरू
ग्वानाह्वातोत एन्चिलादास मिनेरास, लाल मिरचीच्या वाटणात बुडवलेली मक्याची पोळी, आत चीज-कांदा, वर बटाटा-गाजर. खाणकामगारांचं जेवण म्हणूनच ते नाव (उंदीर, तुझ्यासाठी). मार्केटमध्ये खाल्लं तर "सिन पोयो, सिन मान्तेका" दोन्ही म्हण, नाहीतर कोंबडी टळते पण तळण डुकराच्या चरबीत असतं. आमच्यातल्या एकाला हे तिसऱ्या दिवशी कळलं.

ऑस्टिनची काकू
आणि जवळपास दोन हजार मीटर उंची आहे, पहिल्या दिवशी चढ चढू नका, कुठल्याही गावात.

उनाडपाखरू
काकू, आतोतोनिल्कोला बस कुठून मिळते?